'मेसेंजर'मधल्या गावाची माणुसकी कुणी हिरावून घेतली, की गावानेच ती देऊन टाकली?

पुस्तकपेटी

आमच्या वाचनगटात आठवी-नववीची मुले आहेत आणि सध्या आम्ही लॉइस लॉरी यांची 'मेसेंजर' ही २००४ साली आलेली कादंबरी वाचत आहोत. 'द गिव्हर' (१९९३), 'गॅदरिंग ब्लू' (२०००), 'मेसेंजर' आणि 'सन' (२०१२) अशा चौकडीतले हे तिसरे पुस्तक. प्रश्न विचारायचा तर शेवटही सांगावा लागणार आहे, तेव्हा ज्यांना तो आधी कळू द्यायचा नसेल त्यांनी इथेच थांबावे.

कथेतल्या गावाचे नावच 'व्हिलेज' आहे. आपापल्या मुलखातून हाकलून दिलेल्या, अपंग, छळलेल्या, निराधार माणसांनी ते वसवले आहे आणि घनदाट जंगल ओलांडून जो कुणी येईल त्याला तिथे घर, काम आणि शिक्षण मिळते. मॅटी हा पोरसवदा नायक एके काळी चोऱ्यामाऱ्या करणारा, उद्धट मुलगा होता. सीअर नावाच्या अंध गृहस्थाने त्याला आपल्या घरी ठेवून घेतले आणि मेंटर नावाच्या मास्तरांनी त्याला शिकवले. पुढे याच मेंटरच्या पुढाकाराने गावाची वेस बाहेरच्यांसाठी बंद करण्याची मागणी होते, सभा भरते, मतदान होते आणि ठराव मंजूर होतो. गावात 'ट्रेड मार्ट' नावाचा एक बाजार भरतो, तिथे ट्रेडमास्टर नावाचा माणूस लोकांना हवे ते देतो आणि मोबदल्यात त्यांच्या स्वभावातले सर्वांत आतले काहीतरी काढून घेतो. मेंटर असाच सौदा करतात: त्यांच्या चेहऱ्यावरचा मोठा लाल डाग नाहीसा होतो, ते देखणे दिसू लागतात आणि त्यांच्यातला प्रेमळ शिक्षक संपतो.

गटातील मुलांचे म्हणणे पडले की मग दोष गावाचा कसा, तो तर ट्रेडमास्टरचा. त्याला हाकलले असते तर सगळे ठीक झाले असते. मला हे उत्तर पटत नाही, परंतु पुस्तकातूनच त्याचा प्रतिवाद कसा करावा हे नेमके सुचत नाही. दुसरी अडचण शेवटाची आहे. मॅटीकडे बरे करण्याची शक्ती असते, ती तो जंगलासाठी आणि गावासाठी सारीच्या सारी खर्च करून स्वतः मरतो, आणि त्या क्षणी गाव पूर्ववत होते. असा शेवट गावकऱ्यांना फार स्वस्तात सोडत नाही का? ज्यांनी हे पुस्तक मुलांबरोबर वाचले आहे त्यांनी कृपया लिहावे.

तळटीप

मुलांच्या मुद्द्याचे उत्तर ट्रेड मार्टच्या प्रसंगातच आहे, तेव्हा तो प्रसंग त्यांना पुन्हा एकदा सावकाश वाचायला सांगा. मॅटी तिथे हजर असतो आणि आपण सगळे त्याच्या नजरेने पाहतो. ट्रेडमास्टर कुणालाही ओढून आणत नाही. लोक आपल्या पायांनी येतात, काय हवे ते सर्वांदेखत मोठ्याने सांगतात आणि बदल्यात काय देणार ते मात्र त्याच्या कानात कुजबुजतात. लेखिकेने ही कुजबुज उगाच घातलेली नाही. ज्या गावात लपवाछपवी चालत नाही असा सर्वांचा अभिमान आहे, त्या गावातला हा पहिला चोरटा व्यवहार आहे. आणि तो चोरटा का, तर देणाऱ्याला आपण काय देतो आहोत याची पुरेपूर जाणीव आहे आणि ते शेजाऱ्याच्या कानावर जाऊ नये असे वाटण्याइतकी लाज अजून शिल्लक आहे. ट्रेडमास्टरने फसवले असते तर कुजबुजण्याचे कारणच उरले नसते.

मेंटरच्या बाबतीत तर लेखिका जास्तच कठोर आहे, असे मला वाटते. त्यांना सत्ता नको असते, धन नको असते. एका विधवेवर त्यांचे मन जडलेले आहे आणि आपला डागाळलेला चेहरा तिला आवडणार नाही असे त्यांना वाटते, एवढीच ती गोष्ट. ही इच्छा अगदी साधी आहे आणि वाचकालाही ती समजते, म्हणूनच तिची किंमत पाहून धक्का बसतो. ज्या गावात डागाळलेल्या चेहऱ्याला कुणी कधी नाव ठेवले नाही, तिथल्या सर्वांत प्रिय माणसाला स्वतःच्या चेहऱ्याची लाज वाटू लागते. गावाची पडझड मी तिथून सुरू झालेली मानतो, ठरावाच्या सभेतून नव्हे. बाहेरचा माणूस आपल्याला नकोसा होण्याच्या आधी आपलाच एक भाग आपल्याला नकोसा झालेला असतो.

मॅटीचा मित्र रामोन याच्या घरी सौद्यात आलेले खेळाचे यंत्रही मुलांना आठवून द्या. ते पाहून मॅटीला हेवा वाटतो, आपल्याकडेही असावे असे वाटते. नायकही या मोहापासून मुक्त नाही, आणि आठवी-नववीच्या मुलांना ट्रेडमास्टर दुष्ट आहे की नाही या वादापेक्षा हा हेवा पटकन ओळखू येईल.

वेशीपाशी

तळटीप यांच्याशी मी बराचसा सहमत आहे, तरी एक गोष्ट जोडतो. सभेत वेस बंद करण्याच्या बाजूने जे बोलले जाते त्यात राक्षसी असे काहीच नाही. मासे सर्वांना पुरणार नाहीत, येणाऱ्यांना आपली भाषा नीट बोलता येत नाही, त्यांना शिकवण्यात आपल्या मुलांचा वेळ जातो, अशाच धाटणीची ती भाषणे आहेत. प्रत्येक वाक्य सुटे घेतले तर त्यावर शांतपणे बोलता येईल आणि कदाचित त्यात तथ्यही सापडेल. खटकते ते हे की बोलणारी माणसे स्वतः कधी तरी त्याच जंगलातून, तशीच भाषा बोलत आलेली आहेत. गावाचा प्रमुख, म्हणजे लीडर, हासुद्धा लहानपणी एका घसरगाडीवरून तिथे पोहोचलेला आहे आणि ती घसरगाडी गावच्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहे.

माझ्या मते या पुस्तकाचे खरे मर्म या संग्रहालयातच आहे. 'द गिव्हर'मधल्या समाजाने वेदना, रंग, युद्ध, प्रेम या सगळ्यांची स्मृती एकट्या माणसावर सोपवून दिलेली असते. बाकीच्यांना काही आठवतच नाही, म्हणून तान्ह्या मुलाला मारतानाही त्यांचा हात थरथरत नाही. ते वाचताना आपण मनाशी म्हणतो की या लोकांना सगळे आठवले असते तर ते असे वागले नसते. दहा-अकरा वर्षांनी त्याच लेखिकेने असे गाव उभे केले की जिथे सगळ्यांना सगळे आठवते. कोण कुठून आले, कुणी काय भोगले याच्या खुणा काचेआड मांडलेल्या आहेत, मुलांना त्या गोष्टी सांगितल्या जातात, आणि तरीही गाव वेस बंद करायला हात वर करते. पहिल्या पुस्तकाने जो उपाय सुचवला होता तो तिसऱ्या पुस्तकात लेखिका स्वतःच अपुरा ठरवते. आपल्या आधीच्या म्हणण्याची अशी झडती घेणारे लेखक फार थोडे असतात, आणि बालकुमारांसाठी लिहिणारे त्याहून थोडे.

ठराव रीतसर मंजूर झालेला आहे, हेही नजरेआड होऊ देऊ नका. लीडरला तो मान्य नाही, पण तो मोडून काढण्याचा विचारही त्याच्या मनात येत नाही. तो फक्त वेस बंद होण्याआधी मॅटीला संदेश घेऊन जंगलात पाठवतो, जेणेकरून वाटेवरच्या लोकांना कळावे आणि सीअरची मुलगी किरा हिला वेळेत आणता यावे. बहुमताने घेतलेला निर्णय चुकीचा असेल तर काय करायचे, हा प्रश्न नववीच्या नागरिकशास्त्राच्या तासापेक्षा इथे जास्त चांगला विचारता येईल.

दर्यावर्दी

शेवटाबद्दल पुस्तकपेटी यांनी जे लिहिले आहे तेच माझेही मत आहे, आणि मी ते थोडे अधिक कडकपणे मांडतो. लॉरी यांचीच १९८९ ची 'नंबर द स्टार्स' ही कादंबरी शेजारी ठेवून पाहा. तिचा विषय खरा इतिहास आहे: १९४३ च्या शरद ऋतूत जर्मनव्याप्त डेन्मार्कमधून सात हजारांहून अधिक ज्यू नागरिकांना लोकांनी होड्यांतून सामुद्रधुनी ओलांडून तटस्थ स्वीडनमध्ये पोहोचवले. त्या पुस्तकात माणुसकी म्हणजे कामांची एक लांबलचक यादी आहे. कोळी होडीच्या तळाशी लपण्याची जागा करतो, कुणी घरात खोटी अंत्ययात्रा मांडतो, आणि झडतीच्या कुत्र्यांना वास येऊ नये म्हणून खास औषध लावलेला रुमाल एक दहा वर्षांची मुलगी टोपलीतून धावत नेऊन पोहोचवते. या रुमालाची गोष्टही कल्पित नाही. तसे रुमाल त्या काळी खरोखरच वापरले गेले. त्यातली माणसे स्वभावाने किती दयाळू होती याची चर्चा लेखिका करत नाही, कारण तिला तिची गरज भासत नाही.

'मेसेंजर'मध्ये मात्र दया ही रक्तातून शोषून घेता येईल आणि पुन्हा भरता येईल अशी एखादी वस्तू होऊन बसते. ट्रेडमास्टरने ती नेली, मॅटीने ती परत दिली, आणि मधल्या काळात बहुसंख्य गावकऱ्यांनी काहीच केले नाही. मेंटर पुन्हा पूर्वीसारखे होतात, पण आपण काय केले याकडे त्यांना मान वर करून पाहावे लागत नाही. कुणी माफी मागत नाही, कुणी वेशीवरून परत पाठवलेल्यांना शोधायला जंगलात जात नाही. मॅटीचा मृत्यू वाचताना माझेही डोळे भरून आले होते, तरीसुद्धा सांगतो, तो मृत्यू लेखिकेला एका अवघड प्रकरणातून सोडवतो. ते प्रकरण लिहायला हवे होते.

तळटीप

दर्यावर्दी, आपला आक्षेप वजनदार आहे, परंतु जंगलाचा विचार आपण सोडून दिला आहे. गाव चांगले होते तेव्हाही ते जंगल निरुपद्रवी नव्हते. ज्यांना ते इशारा देई त्यांनी पुन्हा पाऊल टाकले तर ते त्यांना वेलींत गुरफटून मारत असे, आणि इशारा कधीच न मिळालेला मॅटी हाच काय तो निर्धास्त ये-जा करू शकत होता. म्हणजे गावाचा चांगुलपणा पहिल्यापासून एका भयावह कुंपणाच्या आत वाढलेला होता. कादंबरीच्या उत्तरार्धात ते जंगल दाट होत जाते, रोपांचा चीक कातडी जाळू लागतो, वाटा बुजतात. जणू गावाने भिंत बांधायला घ्यावी आणि जंगलाने ती आधीच बांधून द्यावी. मॅटी शेवटी जमिनीत हात खुपसून जे बरे करतो ते हे सारेच असते. गावाला क्षमा मिळाली, असे मी तरी वाचत नाही. येण्याजाण्याची वाट पुन्हा मोकळी झाली एवढेच वाचतो. त्या वाटेवरून येणाऱ्यांशी गाव कसे वागले हे लेखिकेने लिहिलेले नाही, आणि तिथे तुमची तक्रार उरतेच.

पुस्तकपेटी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कुजबुजीचा मुद्दा मी काल गटात मांडला आणि मुलांनी तो प्रसंग पुन्हा वाचला. ट्रेडमास्टरला हाकलण्याची भाषा त्यानंतर बरीच मवाळ झाली, मात्र एका मुलीने वेगळाच प्रश्न काढला. किराचा पाय जन्मापासून वाकडा आहे आणि जंगलातून चालताना तिला त्याचा अतोनात त्रास होतो. मॅटी तो बरा करू शकतो, तसे तो सुचवतोही, पण किरा नकार देते. मुलीचे म्हणणे असे की मेंटरने डाग घालवला तर ते वाईट आणि किराने पाय तसाच ठेवला तर ते चांगले, हा अपंग माणसांवर अन्याय नाही का? बरे होण्याची इच्छा धरणे हा गुन्हा आहे का? मला उत्तर देता आले नाही.

वेशीपाशी

मुलीचा प्रश्न आमच्या सगळ्यांच्या लिहिण्यापेक्षा सरस आहे. पुस्तकापुरते बोलायचे तर मॅटीने बेडूक बरा केला, कुत्री आणि तिचे मरायला टेकलेले पिल्लू बरे केले, आणि त्याबद्दल लेखिकेने कुठेही नाक मुरडलेले नाही. उलट ते पिल्लू तो मेंटरच्याच मुलीला, जीनला देतो. तेव्हा बरे होण्यालाच या कादंबरीचा विरोध आहे असे म्हणता येणार नाही. मेंटरच्या सौद्यात डाग गेला, ही तक्रारच नाही. तो घालवण्यासाठी त्यांनी जे दिले ते त्यांच्या एकट्याचे नव्हते, त्यावर शाळेतल्या प्रत्येक मुलाचा हक्क होता, ही तक्रार आहे. किराला मात्र मॅटी फुकट देऊ करतो, आणि तिथे तिचा नकार केवळ तिचा आहे: ती आपल्या चालण्यासकट स्वतःला ओळखते, आणि तो पाय वजा केला तर आपण कोण उरू हे तिला ठाऊक नाही. तिने होकार दिला असता तरी मी तिला दोष दिला नसता.

तरीही त्या मुलीच्या म्हणण्यात एक गोष्ट उरतेच. लेखिकेने व्यंग ठेवणाऱ्याला नायिका केले आणि व्यंग घालवणाऱ्याला सौदेबाज केले, ही मांडणी तिने स्वतः निवडलेली आहे, आणि व्यंग घेऊन जगणारा वाचक ती कशी वाचेल याचा विचार तिने पुरेसा केला की नाही, अशी शंका घेण्याचा मुलीला पूर्ण अधिकार आहे. पुढच्या बैठकीत तिलाच मेंटरची बाजू मांडायला सांगा. सभेत त्यांना वेस बंद करण्याची बाजू मांडताना आपण ऐकतो, पण डागासह जगणे कसे होते हे त्यांना कुणी विचारलेलेच नाही.