चष्म्यातला सॅम्पल फ्लॅट: ग्राहकाची सोय की धूळफेक?

कासारवडवलीकर

गेल्या रविवारी धाकट्या भावासाठी घर बघायला घोडबंदर रोडवर गेलो होतो. साइटवर अजून नुसता खड्डा. पत्र्याचं कुंपण, एक क्रेन आणि बाजूला थंडगार एसी ऑफिस. तिथल्या मुलीने भावजयीच्या डोक्याला व्हीआरचा (डोळ्यांपुढे आभासी दृश्य उभं करणारा) डबा बांधला आणि म्हणाली, "मॅडम, आता तुम्ही एकविसाव्या मजल्यावर आहात." समोर येऊरचे डोंगर, संध्याकाळचं सोनेरी ऊन, ओट्यावर काचेच्या भांड्यात द्राक्षं. भावजय विरघळली. माझी पाळी आली तेव्हा मी बाल्कनीच्या कठड्यावर हात टेकायला गेलो आणि टेबलावरची कॉफी सांडली.

मी हे आधी भोगलंय. २०१९ मध्ये असाच डबा घालून घर बुक केलं. ताबा मिळाल्यावर बेडरूममध्ये सहा बाय साडेसहाचा पलंग टाकला, तर कपाटाचं एक दार उघडेना. डब्यातल्या खोलीत पलंग, कपाट, अभ्यासाचं टेबल सगळं होतं, वर मोकळी जागाही होती. हॉलमध्ये डोक्यावरून गेलेली बीम तर तिथे नव्हतीच.

कामगारांना शिकवायला कंपन्यांनी व्हीआर वापरावं, त्याला माझी काहीच हरकत नाही. पण जी वस्तू अजून बांधलेलीच नाही ती विकायला हे वापरणं म्हणजे तोंडी आश्वासन, फक्त रंगीत. माझं म्हणणं एवढंच: जे दृश्य दाखवलं ते मोजमापांसह करारनाम्याला जोडा. जमत नसेल तर दाखवू नका.

पिक्सेलगवंडी

असहमत. महापेत बसून मी हेच वॉकथ्रू बनवतो, त्यामुळे मला पक्षपाती म्हणा हवं तर.

आर्किटेक्टच्या ड्रॉइंगवरून नीट बनवलेला सीन हा ग्राहकाला मिळणारा सगळ्यात प्रामाणिक नमुना असतो. दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दिसतात, मान वळवली की दृश्यही वळतं, त्यामुळे खोली केवढी ते अंगाला कळतं. मोबाइलवरच्या ३६० अंशांच्या फोटोत हे होत नाही, तिथे वाइड लेन्स माजघराचं मैदान करते. नकाशा वाचता न येणाऱ्या माणसालाही डब्यात ओट्यासमोर उभं राहिलं की ओटा उंच आहे की बुटका ते समजतं.

आणि विटांचा सॅम्पल फ्लॅट काय धुतल्या तांदळाचा असतो? आतल्या खोल्यांना दारं नसतात, भिंतीच्या जागी काच असते, पलंग साडेपाच फुटी असतो. तिथे कोणी धागा काढत नाही.

राहिला तुमचा पलंग. फर्निचरचं माप आम्ही ठरवत नाही. ते क्लायंटच्या मार्केटिंगकडून येतं.

कासारवडवलीकर

झालं तर मग! भिंती खऱ्या आणि पलंग खोटा, म्हणजे खोली खोटीच की. माणूस खोली फुटात मोजत नाही, पलंगाने मोजतो. आणि बीम?

पिक्सेलगवंडी

बीम स्ट्रक्चरलच्या ड्रॉइंगमध्ये असते. आम्हाला बहुतेक वेळा फक्त आर्किटेक्चरलची फाइल मिळते. मुद्दाम लपवलेली नसते, पण नसते हेही खरं.

वकीलबाई

दोघेही कायद्याकडे बघत नाही आहात. २०१६ च्या रेरा (घरबांधणी व्यवहारांचं नियमन करणाऱ्या) कायद्याचं कलम १२ वाचा. जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिका यांवर विसंबून कोणी पैसे भरले आणि ती माहिती खोटी निघून नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. ग्राहकाला बाहेर पडायचं असेल तर व्याजासह पैसे परत. डब्यातलं घर ही जाहिरात नाही, असं म्हणणं मला तरी अवघड वाटतं.

अडचण पुराव्याची आहे. छापील ब्रोशर कपाटात राहतं. सीन कोणाच्या तरी लॅपटॉपवर असतो आणि उद्या बदलू शकतो. म्हणून बाजूच्या टीव्हीवर तेच दृश्य दिसत असतं त्याचं मोबाइलवर शूटिंग करा, आणि 'हे जोडपत्र म्हणून द्या' अशी ईमेल पाठवा. कलम १३ प्रमाणे करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डर घेऊ शकत नाहीत, तेव्हा घाई त्यांना असते, तुम्हाला नाही.

जाता जाता: रेराच्या कार्पेटमध्ये (घराच्या वापरण्याजोग्या क्षेत्रफळात) बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत, पण आतल्या भिंतींची जाडी धरतात. सीनमध्ये त्या भिंती पुठ्ठ्यासारख्या दाखवल्या की घर उगाच ऐसपैस दिसतं.

नौपाड्याची_सून

एआरबद्दल (खऱ्या दृश्यात खोटी वस्तू दाखवायचं तंत्र) कोणीच बोलत नाहीये? आयकियाने २०१७ मध्येच मोबाइलच्या कॅमेऱ्यातून स्वतःच्या खोलीत फर्निचर ठेवून बघायचं अ‍ॅप काढलं होतं, तुर्भ्याचं दुकान तर नंतर, २०२० च्या डिसेंबरात आलं. इथे खोली खरी आणि वस्तू खोटी, घोडबंदरला दोन्ही खोटं. त्यामुळे एआरला मी तरी शिव्या घालणार नाही.

आम्ही असंच दुसऱ्या एका अ‍ॅपवर सोफा ठेवून बघितला. हॉलमध्ये अगदी फिट्ट बसला, सासूबाईंनाही आवडला. ऑर्डर केला. आला तो आमच्या जुन्या बिल्डिंगच्या जिन्याच्या वळणावर अडकला. चार माणसं, दोन तास, एक नख. जिना अ‍ॅपला कोणी दाखवलाच नव्हता. (चूक आमचीच, हलकं घ्या.)

रबाळे_बी_शिफ्ट

धागाकर्ते, 'शिकवायला वापरलं तर काहीच हरकत नाही' हे वाक्य तुम्ही फार सहज लिहिलंत. मी एमआयडीसीत सेफ्टीला आहे, म्हणून लांबलचक लिहितो.

टाकीत उतरायचं काम सगळ्यात वाईट. आत नायट्रोजन असेल तर वास नाही, रंग नाही. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचंच नाही, हे पोरांना पाठ असतं. तरी माणसं जातात. बऱ्याचदा पहिला पडतो आणि त्याला वाचवायला दुसरा तसाच, मास्कशिवाय आत जातो. व्हीआरमध्ये हे फार चांगलं दाखवलंय. आत सोबती पडलेला दिसतो, पाय आपोआप शिडीकडे जातात, उतरलात की दोन सेकंदांत अंधार. मी स्वतः पहिल्या वेळी उतरलो. वीस वर्षं हेच शिकवतोय, तरी उतरलो. हे पीपीटीने कधीच झालं नसतं.

पण त्या डब्यात रबरी मास्क गालाला टोचत नाही. हार्नेसचा पट्टा कुठे अडकतो ते कळत नाही. शिडी ओली नसते. एकदा मॅनेजमेंटला कळलं की अर्ध्या तासात बारा जणांचं 'ट्रेनिंग झालं' असं रजिस्टरला लिहिता येतं, की ट्रायपॉड (माणसाला दोरीने वर ओढायची तिपाई) लावून खऱ्या टाकीवर होणारी प्रॅक्टिस हळूहळू बंद पडते. आमच्याकडे पडली. भांडून पुन्हा सुरू करावी लागली.

वर सगळ्या सूचना इंग्रजीत. आमचे एक जुने ऑपरेटर दहाव्या मिनिटाला डबा काढून बेसिनकडे पळाले, कारण डोळे म्हणतात चाललोय आणि कानातला तोल म्हणतो बसलोय. रजिस्टरमध्ये त्यांचंही ट्रेनिंग झालंय.

हिशेबी_माणूस

गंमत म्हणजे एआर हे नाव शोरूममधलं नाहीच. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बोईंगमध्ये विमानाच्या वायरी जोडणाऱ्या कामगारांसाठी जे काम चाललं होतं, तिथून ते आलं. रबाळेवाल्यांची बाजू म्हणजे मूळ बाजू.

माझा आक्षेप पैशाचा. वॉलमार्टने २०१८ मध्ये कामगारांच्या ट्रेनिंगसाठी १७,००० ऑक्युलस गो (फेसबुकचे व्हीआर डबे) घ्यायचं जाहीर केलं, आणि २०२० मध्ये फेसबुकने ते मॉडेलच बंद करायचं ठरवलं. गूगल ग्लास या चष्म्याची कंपन्यांसाठीची आवृत्ती २०२३ मध्ये थांबली, मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स २ या एआर डब्याचं उत्पादन २०२४ मध्ये. वॉलमार्टला हे परवडतं. वागळे इस्टेटमधल्या चाळीस माणसांच्या वर्कशॉपने डबे घ्यायचे, त्यावर मॉड्यूल बनवून घ्यायचं आणि तीन वर्षांनी सुटे भाग शोधत बसायचं?

गोखले_रोडचा_चष्मेवाला

अ‍ॅपमध्ये फ्रेम चेहऱ्यावर शोभते ते दिसतं, नाकाला टोचते ते दिसत नाही. टोचते का ते बघायला गिऱ्हाईक माझ्याकडे येतं आणि मागवतं अ‍ॅपवरून. यापेक्षा जास्त लिहीत नाही, शिव्या येतील.

पिक्सेलगवंडी

@कासारवडवलीकर, भांडण बाजूला ठेवून एक सांगतो. पुढच्या वेळी ऑपरेटरला म्हणा, बेडरूममध्ये सहा बाय साडेसहाचा पलंग ठेवून दाखव आणि कपाटाचं दार उघड. सीन उघडा असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. नाही म्हणाले तर काय ते समजा.

कासारवडवलीकर

आभार. आजच फोन करून विचारलं. "सर, फर्निचर फिक्स आहे, पण ऊन बदलून दाखवू शकतो, सकाळचं किंवा संध्याकाळचं."

भावजयीला संध्याकाळचंच हवंय.