हायब्रिड साप वांझ नसतात
"हायब्रिड वांझच निघतात, त्यामुळे भेसळ पुढे जात नाही" असं दोन वेगळ्या जातींच्या पाळीव सापांच्या संकराबद्दल म्हटलं जातं, ते पटलं नाही. खेचर (घोडा-गाढवाचा संकर) वांझ असतं, पण तो नियम इथे लागत नाही. अमेरिकेत कॉर्न स्नेक आणि कॅलिफोर्निया किंगस्नेक या दोन बिनविषारी पाळीव सापांचा संकर करून 'जंगल कॉर्न' काढतात, दोघांचे जीनस (जवळच्या प्रजातींचा गट) वेगळे तरी ती पिल्लं मोठी होऊन अंडी घालतात, त्यातून पिल्लंही निघतात, मग तीच परत कॉर्नशी जोडत गेलं की काही पिढ्यांनी दिसायला साधा कॉर्नच, आणि विकणाऱ्याने सांगितलं नाही तर घेणाऱ्याला कळणार कसं? कॉर्नमधला रंग फिका करणारा 'अल्ट्रा' जीनसुद्धा (जनुक) ग्रे रॅट स्नेक या दुसऱ्या जातीच्या सापाकडून आलाय असं बरेच ब्रीडर मानतात.

आणि किंगस्नेक दुसरे साप खातो हो! जोडी लावताना कॉर्नचा जीवच पणाला लागतो, मला तर हेच सगळ्यात जास्त खटकतं.