अकरावीतल्या पोराला दुकानात पगारावर ठेवलं. चुकलं का?

सोल्डरगन

सांगलीत माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. टीव्ही, इन्व्हर्टर, इंडक्शन शेगड्या, वॉशिंग मशीनचे बोर्ड. बावीस वर्षं झाली. जूनपासून अकरावी सायन्सचा एक मुलगा चार ते सात येतो, आठवड्यातून पाच दिवस. वय सोळा पूर्ण. तासाला ५० रुपये देतो, म्हणजे महिन्याला तीन हजारांच्या आसपास. मी बोलावलं नव्हतं. "काका, आत काय असतं ते बघायचंय" म्हणत स्वतःच आला.

पहिला महिना स्क्रू काढणे, बोर्ड ब्रशने साफ करणे आणि पावतीवर तक्रार लिहून घेणे. (हे शेवटचं सगळ्यात अवघड. गिऱ्हाईक फक्त "बंद पडलंय" म्हणतं. कधी पडलं, आवाज आला का, वास आला का, हे गोड बोलून काढून घ्यावं लागतं.) मग मीटर हातात दिला. गणपतीच्या आधी एक शेगडी तिसऱ्यांदा परत आली. दर वेळी आयजीबीटी (कॉइलचा करंट भराभर चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) उडायचा, मी नवा टाकायचो, चार दिवस चालायची. वैतागून कॉइलच बदलायला निघालो होतो. पोरगा म्हणाला, कॉइलपाशी तो मोठा कपॅसिटर आहे, तो मोजू का? वर छापलेलं ०.३ मायक्रोफॅरड, मीटरवर आलं ०.२१. तो असा उतरला की रेझोनन्स, म्हणजे कॉइल-कपॅसिटरच्या जोडीची ठरलेली फ्रिक्वेन्सी, सरकतो आणि सगळा मार आयजीबीटीवर येतो. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी मला सुचलं नाही, त्याला सुचलं.

गेल्या आठवड्यात त्याचे वडील आले. नोकरदार, सभ्य माणूस. म्हणाले, "शिकवताय त्याबद्दल आभार, पण पगार बंद करा. पगार घेतला की तो तुमचा नोकर झाला. उद्या नातेवाइकांना काय सांगू?" म्हणजे फुकट आलेला चालेल, पगारावर आलेला चालणार नाही! मला नेमकं उलटं वाटतं. फुकट येतो तो पाहुणा. पाहुण्याला वेळेवर ये म्हणता येत नाही, त्याने बोर्ड जाळला तर ओरडता येत नाही. आणि त्याचे तीन तास मी वापरतोच आहे, ते कुठल्या खात्यात मांडू?

म्हणणं मांडा. शिव्या चालतील.

कोयनाकाठ

वडिलांचं बरोबर आहे, कारण तेवढं चुकीचं सांगितलं. प्रश्न नोकर-मालकाचा नाहीच, वेळेचा आहे. अकरावी-बारावी दोनच वर्षं असतात. आठवड्याचे पंधरा तास तुमच्याकडे, वर जाणं-येणं, वर दमून झोपणं. त्याच वेळात शेजारचं पोर क्लासला बसलंय. सीईटीला कोणी विचारत नाही की तुम्ही किती शेगड्या दुरुस्त केल्या. आयजीबीटी कुठे पळून जात नाहीत, इंजिनीअरिंगला गेल्यावर चार वर्षं उडवत बस म्हणावं.

जर्नलवाली

ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते, अठरा वर्षं. बोर्डाचे ७० मार्क लेखी, ३० प्रॅक्टिकल. त्या तीसपैकी अठ्ठावीस सगळ्यांना मिळतात, हे सगळ्यांना माहीत आहे. जर्नल मागच्या बॅचचं बघून उतरवलेलं असतं, इतकं हुबेहूब की मागच्याने केलेली चूकही तशीच येते. 'इंटिग्रेटेड'वाली (कॉलेज नावापुरतं, सगळा वेळ क्लासला) मुलं तर मला थेट परीक्षेलाच भेटतात. परवा एकाने व्होल्टमीटर सिरीजमध्ये जोडला आणि म्हणाला, मॅडम, अॅमीटर खराब आहे, काटा हलत नाही. त्याला जेईईला ९६ पर्सेंटाइल होते.

कपॅसिटर बारावीच्या पुस्तकात आहे, एलसी सर्किटही (कॉइल आणि कपॅसिटरची जोडी) आहे. तुमच्या त्या पोराला तो धडा आला की जळक्या शेगडीच्या वासासकट आठवेल.

कोयनाकाठ

मॅडम, त्या ९६वाल्याला सीट मिळाली का? मिळाली असणार. मग व्होल्टमीटर शिकेल सावकाश.

जर्नलवाली

मिळाली. कॉम्प्युटरला. आता कधीच नाही शिकणार.

फोडणी

कोयनाकाठ, तुम्ही साताऱ्याकडचे दिसता. 'कमवा आणि शिका' म्हणणाऱ्या कर्मवीरांच्या जिल्ह्यातला माणूस कमाईला नाक मुरडतो म्हणजे कमाल झाली.

कोयनाकाठ

कऱ्हाडचा. आणि माझे वडील रयतच्याच वसतिगृहात राहून शिकले, तेव्हा कर्मवीर मला नका सांगू. भाऊरावांनी १९१९ साली रयत काढली ती ज्यांच्याकडे फीचे पैसे नव्हते त्या पोरांना डोळ्यांसमोर ठेवून. कमवायचं कशाला, तर शिकता यावं म्हणून. इथे बापाकडे पैसे आहेत, पोर शिकतंय. मग त्याने कमवायचं कशासाठी? मोबाइलच्या कव्हरसाठी?

पाणंद

मी तेराव्या वर्षी मोटार वाइंडिंगच्या दुकानात लागलो. जळालेल्या पंपाची तार कापून काढायची, स्लॉट खरवडायचे, नवा कागद घालायचा, वॉर्निश मारायचं. सकाळी आठ ते रात्री नऊ. उन्हाळ्यात शेतकऱ्यांच्या मोटारी रांगेने जळून यायच्या तेव्हा रात्री बारासुद्धा वाजायचे. माझं नाव 'शिकाऊ'. पगार नाही. "शिकवतोय ना तुला" हाच पगार, आणि दुपारचा वडापाव.

आता काय शिकवलं ते ऐका. वाइंडिंगमधलं खरं ज्ञान एका डायरीत असतं. कुठल्या मोटारीला किती वळणं, कुठला गेज, पिच किती. ती डायरी मालकाने चार वर्षं कपाटात कुलपात ठेवली. मी जुन्या कॉइलची वळणं एकेक मोजून सिगारेटच्या पाकिटाच्या कागदावर लिहायचो आणि घरी जाऊन वहीत उतरवायचो. एकदा पाकीट सापडलं तर फाडून टाकलं त्याने.

त्यामुळे 'शाळा-कॉलेजच्या मुलांना तांत्रिक पार्टटाइम' असलं काही ऐकलं की माझ्या पाठीत कळ येते. सोल्डरगन, तुम्ही चांगले असाल, मीटर पोराच्या हातात दिलात. पण कायदा तुमच्यासाठी नसतो, माझ्या मालकासाठी असतो. तुमच्यासाठी दार किलकिलं केलं की तो पूर्ण उघडून आत येणार, तोंडात तुमचीच भाषा घेऊन. आणि 'नोकर' शब्द त्या वडिलांना झोंबला, कारण त्यांच्या घरी तो ऐच्छिक विषय आहे. आमच्या घरी सक्तीचा होता.

माझं मत: अठराच्या आत नकोच. आणि ठेवलंच असेल तर पगार बंद करू नका. फुकट ठेवणारे जास्त घातक.

नोटरी_नाही_वकील

कायद्याचा विषय निघालाच आहे तर थोडक्यात. १९८६चा बालकामगार कायदा २०१६ला बदलला. चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवायला बंदी. घरचा धंदा आणि कलाकार मुलं एवढाच अपवाद, तोही शाळा सांभाळून. चौदा ते अठरा म्हणजे 'किशोरवयीन'. त्यांना खाणी, ज्वालाग्राही व स्फोटक पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया इथे बंदी, बाकी ठिकाणी अटींवर चालतं. अटी: सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, मग किमान एक तास सुट्टी, सुट्टी धरून दिवसाचे सहा तास कमाल. संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम नाही. ओव्हरटाइम नाही. आठवड्याला एक पूर्ण सुट्टी. आणि मालकाने रजिस्टर ठेवायचं: नाव, जन्मतारीख, कामाच्या वेळा, कामाचं स्वरूप.

सोल्डरगन यांचे चार ते सात बरोबर बसतात. मुद्दाम की योगायोग, ते त्यांनाच ठाऊक.

वडिलांना सांगायला एक गंमत: अज्ञान मुलाच्या ठेवीचं व्याज आईवडिलांच्या उत्पन्नात धरतात, पण मुलाने अंगमेहनतीने किंवा स्वतःच्या कौशल्याने कमावलेला पैसा त्याचाच धरतात. म्हणजे आयकर खात्याला जे कळलंय ते नातेवाइकांना समजावणं एवढंच बाकी आहे.

फोडणी

'अज्ञान' म्हणजे अठराच्या खालचा ना? शब्द फार छान निवडलाय कायद्याने. माझ्या घरी दोन आहेत.

ओपीडी_नंतर

काम करू द्यावं या मताचा आहे, पण सोल्डर कुठलं वापरता? साठ-चाळीस असेल तर त्यात चाळीस टक्के शिसं. धुरातून ते फारसं जात नाही, हातावरून तोंडात जातं. सोल्डरिंग करता करता बिस्कीट खाणं बंद, साबणाने हात धुतल्याशिवाय चहा बंद. धूर येतो तो राळेचा, म्हणजे फ्लक्सचा. दमा असलेल्या मुलाला तो नक्की त्रास देतो. आधी दम्याचं विचारून घ्या, आणि एक छोटा पंखा तोंडाकडे नाही तर तोंडापासून बाहेर वारा जाईल असा लावा.

शून्य_एक

मी सतरा वर्षांची आहे, बारावीत, कोल्हापूर. सगळे काका-काकू आमच्याबद्दल बोलतायत म्हणून लिहिते. दहावीच्या सुट्टीत मी तीन मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानांत विचारलं. एक म्हणाले घरच्यांना घेऊन ये. एक म्हणाले मुलीची जबाबदारी नको. तिसऱ्यांनी काउंटरवर बसशील का विचारलं, कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास विकायला. आत नाही.

मग घरी बसून एका क्लासवाल्यांची वेबसाइट केली. चार हजार ठरले होते. साइट चालू झाली आणि सर फोन उचलेनासे झाले. मी म्हटलं लेखी मेसेज आहेत माझ्याकडे, तर म्हणाले तू अठराची नाहीस, तुझ्याशी करार होतच नाही.

कोयनाकाठ काका, मोबाइलच्या कव्हरसाठी नाही. आर्डुइनोच्या (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) किटसाठी.

नोटरी_नाही_वकील

@शून्य_एक, अर्धवट कायदा माहीत असलेला माणूस भेटला तुला. अज्ञानाने केलेला करार त्या अज्ञान व्यक्तीवर लादता येत नाही, हे १९०३पासून ठरलेलं आहे. पण तो नियम तुझ्या संरक्षणासाठी आहे, काम करून घेऊन पैसे बुडवण्यासाठी नाही. पुढच्या वेळी बोलणी आई किंवा बाबांच्या नावाने कर, निम्मे पैसे आधी घे, आणि बाकीचे मिळेपर्यंत साइटचा पासवर्ड देऊ नकोस.

पाणंद

हे बघा. वडापावच्या जागी वेबसाइट आली, बाकी सगळं तेच.

डोसा_जर्सी

न्यू जर्सीहून. इथे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना शाळेच्या दिवशी तीन तास आणि शाळेच्या आठवड्यात अठरा तास, असा देशभराचा नियम आहे. माझी मुलगी गावच्या लायब्ररीत थ्रीडी प्रिंटरपाशी काम करते. भारतातल्या आजीला वाटतं नात इंजिनीअर झाली. प्रत्यक्षात ती शनिवारभर तुंबलेलं नोझल मोकळं करते आणि छोट्या मुलांना "ते गरम आहे" सांगते. पण हो, चेक तिच्या नावाने येतो.

नातेवाईक मात्र इथेही आहेत बरं का. मंडळाच्या संक्रांतीला एका काकूंनी बाजूला घेऊन विचारलंच, "का गं, घरी सगळं ठीक आहे ना?"

आयबीटी_बॅच

पाबळचं नाव कोणीच कसं घेतलं नाही? पुणे जिल्हा, शिरूर तालुका. डॉ. कलबागांनी १९८३ला तिथे विज्ञान आश्रम काढला. त्यांचा आयबीटी (इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी) म्हणून कोर्स आहे, आठवी ते दहावीला, आठवड्यातला एक दिवस. वेल्डिंग, वायरिंग, शेती, माती परीक्षण, हिमोग्लोबिन तपासणं. आमच्या शाळेत तो होता. मी नववीत असताना आम्ही गावातल्या एकाच्या गोठ्याचं फाटक केलं. मोजमाप घ्यायला गेलो तेव्हा माणूस हसला, पोरं काय करणार म्हणून. फाटक एका बाजूला अर्धा इंच कमी भरलं, परत आणून जोड दिला. त्याने पैसे मोजून दिले आणि पावती मागितली. त्या पावतीवर माझी सही होती. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या सहीची गरज आहे म्हणाला.

पैसे आम्हाला नाही मिळाले, शाळेच्या आयबीटीच्या खात्यात गेले. त्यामुळे कोणाच्या बापाला 'नोकर' वाटलं नाही. @पाणंद, काम शाळेमार्फत आलं तर डायरी कपाटात ठेवणारा मालकच मधे नसतो. यावर काय म्हणणं?

पाणंद

त्यावर म्हणणं नाही. मास्तर चांगला हवा एवढंच. पण अशा शाळा किती आणि वाइंडिंगची दुकानं किती, ते तुम्हीच मोजा.

कोयनाकाठ

शाळेतला एक दिवस मलाही चालेल. पंधरा तास नाही. आणि @शून्य_एक, कव्हरचं बोललो ते मागे घेतो. त्या क्लासवाल्याचं नाव कळलं तर कोल्हापुरात माझा मेहुणा आहे.

सोल्डरगन

सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा. पंखा आजच फिरवला, इतकी वर्षं तो माझ्याच तोंडावर होता. सिरीज बल्बशिवाय (मधे बल्ब असला की बोर्ड शॉर्ट असला तरी करंट आवाक्यात राहतो) कुठलाही बोर्ड मेनला लागत नाही आणि प्लग मीच लावतो, हे आधी लिहायला हवं होतं. एसएमपीएसचा (बोर्डाला वीज पुरवणारा भाग) मोठा कपॅसिटर बंद केल्यावरही तीनशे व्होल्ट धरून बसतो, तो रिकामा केल्याशिवाय पोराचा हात आत जात नाही.

वडिलांना भेटून आलो. आयकराची गंमत सांगितली, हसले नाहीत. मधला तोडगा असा निघाला की घटक चाचणी होईपर्यंत फक्त शनिवार आणि रविवार, दहा ते एक, पगार चालू, पण रोख नको, त्याच्या बँकेच्या खात्यात. नातेवाइकांना काय सांगणार ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पोरगा नाराज आहे, कारण टीव्हीचे बोर्ड माझ्याकडे सोमवारी येतात.

@शून्य_एक, कोल्हापूर-सांगली रोज शक्य नाही, पण सुट्टीत आईला घेऊन ये. काउंटरवर नाही, आत.

पाणंद

सगळं ठीक. वकिलांनी सांगितलेलं ते रजिस्टर आहे का तुमच्याकडे?

सोल्डरगन

नाही.

पाणंद

वाटलंच होतं.

सोल्डरगन

उद्या आणतो. पहिलं पान भरलं की फोटो टाकतो, नाव झाकून.