मदत हवी आहे: सायटेशन जनरेटर मराठी नावांची वाट लावतोय
नमस्कार मंडळी, थिसिसची रेफरन्स लिस्ट करतेय. संदर्भ बनवून देणाऱ्या एका ऑनलाइन टूलमध्ये डीओआय (पेपरचा ओळख क्रमांक) टाकला की इंग्रजी पेपरचं सगळं आपोआप येतं, तिथे तक्रार नाही, पण वेबसाइटची लिंक टाकली की लेखकाच्या जागी साइटचंच नाव आणि वर्षाच्या जागी एन.डी. (म्हणजे 'तारीख नाही'), पानावर तारीख ढळढळीत दिसत असताना! गाइडनी एपीए (संदर्भ लिहायची एक ठरलेली पद्धत) ७वी आवृत्ती सांगितलीय, त्यात प्रकाशनाचं गाव लिहायचं नसतं ना, हे टूल मात्र घालतंच, बहुतेक आत अजून ६वीच चालू आहे.

खरी डोकेदुखी मराठी पुस्तकांची. आडनाव पुढे हवं तर ते पहिलं नावच पुढे आणतं, वर 'श्रीधर'चं आद्याक्षर नुसतं 'श.' करून टाकतं, हाताने सुधारलं तरी एक्स्पोर्ट करताना परत तेच.

झोटेरोमध्ये (संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर) मराठी नोंदी कोणी केल्यात का? नाव-आडनाव वेगळ्या रकान्यात भरलं तर वर्डमध्ये नीट उतरतं का? आणि देवनागरी नोंदी इंग्रजीच्या आधी लावायच्या की नंतर? गाइड म्हणतात "एकसारखं ठेवा म्हणजे झालं", कसं ते काही सांगत नाहीत. ड्राफ्ट लवकरच द्यायचाय, प्लीज कोणीतरी सांगा.