मदत हवी आहे - वडिलांच्या कमरेचं माप नक्की कुठं घ्यायचं?

नमस्कार मंडळी, मी सांगलीचा, विश्रामबागेत राहतो. पप्पांना सहा वर्षं झाली शुगर आहे, टाईप टू. वजन ६६ किलो, उंची १६५ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २४ च्या आसपास, त्यामुळं ते सगळ्यांना सांगत फिरतात मी कुठं जाडाय. पण हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढं पुढं! ट्रायग्लिसराईड (रक्तातली चरबी) २१० आलंय, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६, बीपीची गोळी चालूच आहे.

आता आपल्याकडच्या पुरुषांना कंबर ९० सेंटिमीटरच्या आत पाहिजे, बायकांना ८०, आणि उंचीच्या निम्म्यापेक्षा जास्त नको हे मला माहितीय. पप्पा म्हणतात माझी पँट ३४ इंची, म्हणजे ८६ सेंटिमीटर, ९० च्या आत बसतंय की. अहो पण पँट पोटाच्या खाली घालताय ना! मी शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरून, श्वास सोडायला लावून मोजलं तर ९८ भरलं.

माझी पद्धत बरोबर आहे का? आणि वजन फारसं न घटता फक्त पोट कमी झालेलं कुणी आहे का, काय केलं, किती महिने लागले? संध्याकाळचं भडंग बंद करा म्हटलं की दोन दिवस बोलत नाहीत ओ.