एअर पिस्तुलाची घरी कोरलेली मूठ: कारागिरी चांगली झाली हे कशावरून ओळखायचं?

कोपरीकर (ठाणे पूर्व)

१० मीटर एअर पिस्तुलाची कंपनीकडून आलेली अक्रोडाची मूठ मीडियम मापाची आहे आणि हाताला लहान पडते. तिच्यावरून शिसवीची नवी मूठ करायला घेतली आहे. आतली खाच वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये सीएनसी राउटरवर (संगणकावर चालणाऱ्या कोरायच्या यंत्रावर) पाडून घेतली, बाहेरचा आकार कानस आणि पॉलिश पेपरने घरीच चालू आहे.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ट्रिगरच्या मागे डाव्या बाजूला लाकूड आणि धातू यांच्यामध्ये साधारण अर्धा मिमी फट दिसते, ती भरायची की तशीच ठेवायची? एम-सील नेमकं कुठे आणि कधी लावायचं? आणि तिसरं म्हणजे, अमेरिकेतले हौशी लोक सिंगल-अॅक्शन रिव्हॉल्व्हर (दर बाराआधी हॅमर, म्हणजे घोडा, हाताने मागे ओढावा लागतो ते) सजवतात तेव्हा लाकडाचा सांधा, स्क्रू, घोडा ओढतानाचा म्हणजे कॉकिंगचा आवाज असं बरंच काही तपासतात. त्यातलं आपल्या कामाला काय लागू पडतं?

घणसोली_साडेचार

आधी फटीचं बोलू. बाहेरून दिसणारी फट हा दोष असेलच असं नाही, आत मूठ कुठे टेकते ते महत्त्वाचं. पिस्तुलाच्या धातूवर, जिथे मूठ बसते तिथे, दिव्याची काजळी तेलाच्या एका थेंबात कालवून अगदी पातळ लावा. मूठ सरळ सरकवून स्क्रू हलका आवळा, काढा आणि आत बघा. काळे डाग उठले तेवढीच टेकण्याची जागा. डाग दोनच ठिकाणी, आणि तेही एकाच बाजूला असतील, तर स्क्रू आवळल्यावर मूठ तिरकी ओढली जाते आणि दुसऱ्या बाजूला फट पडते. तुमची फट बहुतेक अशीच आली आहे. राउटरचं पातं गोल असतं, त्यामुळे आतले कोपरे गोल राहतात आणि फ्रेमची चौकोनी कड त्या गोलाईवर चढून बसते. डाव्या बाजूला काही भरण्याआधी उजव्या बाजूचे आतले कोपरे ६ मिमीच्या धारदार पटाशीने काटकोनात साफ करा. एका वेळी कागदाच्या जाडीइतकंच लाकूड काढायचं, पुन्हा काजळी, पुन्हा डाग. हे दहा-बारा वेळा करावं लागतं, घाई केली तर काढलेलं लाकूड परत येत नाही.

डाग वर, खाली आणि दोन्ही बाजूंना पसरलेले दिसले की काम झालं. मग कागदाची परीक्षा: साध्या झेरॉक्स कागदाची पट्टी, साधारण ०.१ मिमी जाडीची, सांध्यात सगळीकडे घालून बघा. कुठे शिरते, कुठे अडते ते लगेच कळतं. सगळीकडे सारखी अडली तर उत्तम. ट्रिगरजवळ मात्र मुद्दाम मोकळी जागा हवी, तिथे लाकूड धातूला चिकटवण्याचा हट्ट नको.

सगळ्यात कडक परीक्षा शेवटची. मूठ पाच वेळा काढून पाच वेळा बसवा. दर वेळी आवळून झाल्यावर स्क्रू त्याच जागी थांबतो का, आणि हातात घेतल्यावर साइट (नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा) त्याच जागी येतात का? जी मूठ दर वेळी वेगळी बसते ती कितीही चकचकीत असली तरी कच्ची.

एक आधीच सांगतो: कानस, ग्राइंडर, पॉलिश पेपर यांपैकी काहीही चालवताना मूठ पिस्तुलापासून वेगळी हवी. शिसवीचं भूस ट्रिगरच्या यंत्रणेत गेलं की खेच खरखरीत होते. आणि हे भूस नाकातोंडात जाऊ देऊ नका, बऱ्याच जणांना त्याची अॅलर्जी होते, मास्क लावा.

नेरुळ_नेमबाज

एम-सीलचं मी सांगतो, पण आधी नियम. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात एअर पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत बसलं पाहिजे, मुठीसकट. वजन १५०० ग्रॅमपर्यंत, ट्रिगर किमान ५०० ग्रॅम. हौशी मुठी सगळ्यात जास्त अडकतात त्या ५० मिमीवर. तळव्याला भर, अंगठ्याच्या टेकूला भर असं करत करत रुंदी ५२-५३ वर जाते आणि उपकरण तपासणीत कळतं. प्लायवुडच्या दोन फळ्या बरोबर ५० मिमी अंतरावर ठोकून घरीच माप करून ठेवा आणि काम ४९ च्या आत राखा, कारण ओलाव्याने लाकूड फुगतं.

तळाचा पाम शेल्फ, म्हणजे तळहाताची खालची कड टेकते तो कठडा, मुठीशी ९० अंशांपेक्षा कमी कोनात असता कामा नये, आणि त्याची कड वर वळवून हात कवेत घ्यायला परवानगी नाही. अंगठा वर मोकळा उचलता आला पाहिजे. मनगटाला मुठीचा आधार नको, ते मोकळं दिसायला हवं.

आता एम-सीलची भर, आधी ती कुठे हवी ते. मोकळ्या भिंतीकडे तोंड करून उभे राहा, हवेचा सिलिंडर काढलेला, पेलेट (छर्रा) नाही. डोळे मिटून हात उचला, नेहमीच्या जागी थांबा, डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेत कुठे आहे ते लिहून ठेवा. असं २० वेळा. उजव्या हाताने धरता आणि पुढची साइट सतत उजवीकडे जाते, तर मुठीच्या उजव्या अंगाला मागे लाकूड जास्त आहे किंवा पुढे तळव्याच्या खळग्यात कमी आहे. सतत डावीकडे जात असेल तर याच्या उलट. खालीवर जात असेल तर लाकडाला हात लावू नका, आधी मुठीच्या तिरकेपणाचा स्क्रू बघा, बहुतेक मॅच पिस्तुलांना तो असतो.

कमी असलेली जागा ठरली की ८० नंबरच्या पेपरने खरवडा, थिनरने पुसा, २-३ मिमी खोल चार-पाच छोटी भोकं पाडा म्हणजे एम-सीलची पुटी धरून राहील. दोन्ही भाग सारख्या मापाचे घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळा. वर स्वयंपाकघरातला क्लिंग रॅप टाकून नेहमीच्या जोराने धरा. जास्त दाबून धरलंत तर सैल हाताला खळगे खोल पडतात, ही फार होणारी चूक. रात्रभर सुकू द्या, मग कानस. लाकडाला तेल लावून झाल्यावर पुटी लावलीत तर ती महिनाभरात खपलीसारखी निघते.

ट्रिगरचं बोट लाकडाला कुठेही टेकू नये. बोट आणि मूठ यांच्यामध्ये २ मिमी तरी हवेत. ते टेकलं की खेचताना सगळं पिस्तूल बाजूला ढकललं जातं, आणि नेमबाज दोष ट्रिगरला देत बसतो.

आणखी एक: हाताचं माप सकाळी घेऊ नका. ठाण्याच्या उकाड्यात वीस-पंचवीस मिनिटं पिस्तूल धरल्यावर हात जरा फुगतो, त्या हातावर शेवटचं माप घ्या.

जुनं_सागवान (बेलापूर)

शिसवी देखणी असते, पण अक्रोडापेक्षा जड. १५०० च्या जवळ असाल तर मुठीचं वजन आत्ताच काट्यावर बघा. लाकडाची रेषा मुठीच्या उंचीच्या दिशेने धावली पाहिजे. पाम शेल्फ वेगळा तुकडा असेल तर त्याची रेषा आडवी धरा. आखूड रेषेचा शेल्फ हातातून फरशीवर पडला की बुडाशीच तुटतो.

स्क्रूखाली पितळी वॉशर घाला. जुलैत लाकूड फुगतं, स्क्रू तेवढाच घट्ट असतो, आणि वॉशर नसला की भोकापासून तडा जातो.

फिनिशबद्दल माझं मत ठाम आहे: व्हार्निश नको, मेलामाइन नको. घामाने ते चिकट होतं आणि हात दर वेळी वेगळ्या जागी बसतो. जिथे हात टेकतो तिथे १२० च्या पुढे पॉलिश पेपर मारू नका, उघड्या कडा मात्र ४०० पर्यंत न्या. मग उकळलेल्या जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात, दहा मिनिटांनी पुसून घ्यायचा. दोन हातांमध्ये एक दिवस, पावसाळ्यात दोन-तीन दिवस. तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटू शकते. उघडी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

कडक_तिरपा

रिव्हॉल्व्हरच्या मुद्द्यावर. आधी कायदा स्पष्ट हवा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती किंवा तिच्यात फेरफार यांना वेगळा परवाना लागतो. बाळगण्याचा परवाना म्हणजे तो नव्हे. म्हणून इथे घरी रिव्हॉल्व्हरवर कानस चालवायची नाही. .१७७ बोरचं (नळीचा आतला व्यास, इंचात), २० ज्यूलपर्यंतच्या छऱ्याच्या ऊर्जेचं एअर पिस्तूल शस्त्र नियम २०१६ मध्ये परवान्याच्या बाहेर आहे. तरी काम मुठीपुरतंच ठेवा, ट्रिगर आणि नळीला हात नको.

अमेरिकेतल्या हौशींची नजर मात्र घेण्यासारखी आहे. १८७३ च्या कोल्ट सिंगल-अॅक्शनचा हॅमर मागे ओढला की चार ठळक क्लिक ऐकू येतात, आणि जाणकार ते स्वच्छ, वेगवेगळे येतात का हे कान देऊन ऐकतो. मग तो सिलिंडरभोवती (गोळ्यांच्या फिरत्या नळकांड्याभोवती) ओरखड्याची रेघ आहे का बघतो. रेघ दिसली तर बोल्ट, म्हणजे सिलिंडर जागी अडकवणारी खिट्टी, खाचेत वेळेवर न पडता सिलिंडरवर घासत गेला आहे, टायमिंग बिघडलं असेल किंवा वापरणाऱ्याने हाफ-कॉकवरून (अर्ध्या ओढलेल्या स्थितीतून) हॅमर चुकीचा उतरवला असेल. म्हणजे दोष लपत नाही, वापराच्या खुणांमध्ये उतरतो. मुठीत ही रेघ म्हणजे काजळीचे डाग.

दुसरी गोष्ट सांध्याची. तिथला चांगला कारागीर मूठ फ्रेमवर बसवूनच लाकूड आणि धातूची कड एकत्र घासतो, त्यामुळे सांध्यावर नख फिरवलं तर अडत नाही. एअर पिस्तुलाचा धातू आपण घासू शकत नाही, म्हणून लाकूड धातूपेक्षा केसभर वर ठेवा, खाली गेलं तर ते कायमचं खाली. स्क्रूची खाच सरकलेली, कोपरे चोळले गेलेले असतील तर चुकीच्या मापाचा पेचकस वापरला आहे, हे तिथेही आणि इथेही तेवढंच खरं.

कोपरीकर (ठाणे पूर्व)

काजळी लावून बघितली. डाग उजवीकडे वर आणि मागे, दोनच ठिकाणी. कोपरे साफ केल्यावर फट कागदाइतकी उरली. पण फळ्यांच्या मापात मूठ ५१ वर अडते, अंगठ्याच्या टेकूपाशी.

नेरुळ_नेमबाज

टेकूच्या बाहेरच्या कडेचं लाकूड दोन मिमी काढा, आतल्या बाजूला हात लावू नका, अंगठा तिथे बसलेला आहे. काढून झाल्यावर डोळे मिटून वीस वेळा परत, तेल त्यानंतर.