मदत हवी आहे: ॲल्युमिनियमचा पत्रा वेल्डिंगच्या सांध्यालगत तडकतो

बडोद्यात घरामागच्या शेडमध्ये मी सव्वीस वर्षांपासून जॅग्वार सी-टाइप या १९५१ च्या शर्यतीच्या गाडीची प्रतिकृती उभी करत आहे. मूळ गाड्या अवघ्या ५३ बनल्या, त्यामुळे मापे बहुतांशी छायाचित्रांवरूनच काढली आहेत. नळ्यांची चौकट आणि ३४४२ सीसीचे सहा सिलिंडरचे इंजिन तयार आहे. अडले आहे ते पुढच्या मडगार्डापाशी.

१.६ मिलिमीटर जाडीचा पत्रा वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोड्याने ठोकून मी त्याला घाट देतो आणि तुकडे गॅस वेल्डिंगने जोडतो. सांधा चक्रावरून (पत्रा दोन चाकांमध्ये दाबून घडवणाऱ्या इंग्लिश व्हीलवरून) दोन-तीनदा फिरवला, की त्याच्या कडेपासून तीनेक मिलिमीटरवर केसासारखा तडा उमटतो. ठोकण्यापूर्वी पत्रा मऊ करण्यासाठी त्यावर साबण घासून साबण काळा पडेपर्यंतच आच देतो. वेल्डिंगनंतर फ्लक्सही (सांध्यावरचा ऑक्साइडचा थर काढायला लावलेले रसायन) गरम पाण्याने धुऊन काढतो. ४०४३ ची (सिलिकॉनमिश्रित ॲल्युमिनियमची) वेल्डिंगची काडी सोडून त्याच पत्र्याच्या कापलेल्या पट्ट्या वापरल्या, तेव्हा तडे कमी झाले, पण थांबले नाहीत. पत्र्याची ग्रेड दुकानदाराला सांगता आली नाही, खरी मेख तिथेच असावी.

टिग यंत्र (विजेच्या आर्कने वेल्डिंग करणारे) माझ्याकडे नाही आणि फायबरची बॉडी मला नको आहे (हा सल्ला पुष्कळदा मिळाला आहे). १०५० ग्रेडचा (जवळपास शुद्ध ॲल्युमिनियमचा) मऊ पत्रा घेतल्यास तडे थांबतील का, की वेल्डिंगनंतर सांधा पुन्हा तापवून मऊ केल्याशिवाय चक्रावर चढवूच नये? आणि असा पत्रा बडोद्यात किंवा अहमदाबादेत एक-दोन शीट इतकाच कुठे मिळेल?